उंची, पाणी आणि पटकी : विल्यम फार यांच्या नियमाचे परीक्षण

दोन चलराशींमध्ये सहसंबंध आढळला म्हणजे त्यांच्यात कार्यकारणभाव सिद्ध झाला असे नव्हे, हे वाक्य संख्याशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते. वाक्य निर्विवाद आहे. परंतु त्याचे कार्य निषेधाचे आहे. अमुक निष्कर्ष काढू नये एवढेच ते सांगते. मग कोणता काढावा आणि कशाच्या आधारे काढावा, याविषयी ते मौन पाळते. सहसंबंध तर समोर उभा आहे, कारण शोधल्यावाचून गत्यंतर नाही, आणि निर्णय चुकला तर माणसे दगावणार आहेत, अशा प्रसंगी हे वाक्य पुरे पडत नाही.

असा एक प्रसंग एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये आला. त्या प्रसंगातून दोन ग्रंथ निर्माण झाले. पहिला ग्रंथ म्हणजे विल्यम फार यांनी १८४८-४९ च्या पटकीच्या साथीतील मृत्यूंवर लिहिलेला व १८५२ साली प्रसिद्ध झालेला शासकीय अहवाल. दुसरा म्हणजे पटकीचा प्रसार कसा होतो या विषयावरील जॉन स्नो यांचे पुस्तक. त्याची विस्तृत दुसरी आवृत्ती १८५५ साली निघाली. या दोघांची कथा पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते ती अशी, की फार यांनी सहसंबंधाला कारण समजण्याची चूक केली आणि स्नो यांनी एका पंपाचा दांडा काढवून सत्य सिद्ध केले. ही कथा दोघांवरही अन्याय करणारी आहे. शिवाय ज्या विचारपद्धतीमुळे हा वाद निकालात निघाला, ती पद्धतीच या कथेत झाकली जाते.

फार यांचा नियम

फार हे जन्ममृत्यूंच्या नोंदणीच्या मध्यवर्ती कचेरीत काम करीत होते, आणि मृत्यूंच्या आकड्यांचे वर्गीकरण करण्यात त्या काळी त्यांच्या तोडीचा माणूस इंग्लंडमध्ये क्वचितच असेल. १८४९ च्या साथीत एकट्या लंडनमध्ये सुमारे चौदा हजार माणसे दगावली. फार यांनी हे मृत्यू विभागवार मांडले. प्रत्येक विभागाची लोकसंख्या, वस्तीची दाटी, घरांची किंमत, पाण्याचा पुरवठा, जमिनीची उंची अशा अनेक बाबींशी मृत्युप्रमाण ताडून पाहिले. या सर्वांत एका बाबीचा संबंध इतका रेखीव निघाला, की त्यापुढे इतर सर्व बाबी फिक्या पडल्या. ती बाब म्हणजे टेम्स नदीच्या भरतीच्या पातळीपासून वस्तीची असलेली उंची.

नदीलगतच्या, वीस फुटांहून कमी उंचीच्या विभागांत दर दहा हजार लोकांमागे १०२ मृत्यू झाले होते. पुढे वीस-वीस फुटांची एकेक पायरी चढत गेले असता हे प्रमाण अनुक्रमे ६५, ३४, २७, २२ आणि १७ असे उतरत गेलेले दिसले. पहिल्या पायरीवरील १०२ या संख्येला अनुक्रमे दोन, तीन, चार, पाच, सहा यांनी भागले असता ५१, ३४, सुमारे २६, सुमारे २० आणि १७ या संख्या येतात. दुसऱ्या पायरीचा अपवाद सोडला, तर गणिताने काढलेले आकडे आणि प्रत्यक्ष मृत्यूंचे आकडे एकमेकांशी आश्चर्यकारक रीतीने जुळतात. पटकीने होणारे मृत्यू उंचीच्या व्यस्त प्रमाणात असतात, हा फार यांचा नियम तो हाच.

हा निव्वळ आकड्यांचा खेळ नव्हता, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. कुजणाऱ्या द्रव्यांतून निघणाऱ्या दूषित वाफांमुळे साथीचे रोग होतात, ही त्या काळच्या वैद्यकातील प्रतिष्ठित उपपत्ती होती. नदीकाठच्या चिखलातून निघणारी ही वाफ जमिनीलगत दाट व वर विरळ असणार, म्हणून सखल भागात मृत्यू अधिक आणि उंचावर कमी, ही अपेक्षा त्या उपपत्तीतून सरळ निघत होती. म्हणजे फार यांच्यापाशी उपपत्ती होती, तिच्यातून निघणारे अनुमान होते आणि त्या अनुमानाशी जुळणारे आकडेही होते. सहसंबंधापलीकडे जाऊन यंत्रणा दाखवा, अशी जी मागणी आज केली जाते, तीही फार यांनी आपल्या परीने पुरी केली होती. तरीही निष्कर्ष चुकीचा होता.

रेखीवपणाचा मोह

येथे पहिला बोध घ्यावयाचा तो असा, की संबंधाचा रेखीवपणा हा कारणाचा पुरावा नव्हे. आकडे सूत्राशी कितीही जुळले तरी ते सूत्र एवढेच सांगते, की उंची व मृत्यू बरोबर बदलतात. ते बरोबर का बदलतात हे सूत्रात नसते. शिवाय फार यांनी विभागांच्या सरासऱ्या घेऊन त्या पायऱ्यांमध्ये बसविल्या होत्या. सरासरीची रीतच अशी, की ती आतील विषमता गिळून टाकते. एका विभागातील एका गल्लीत शंभर मृत्यू आणि शेजारच्या गल्लीत एकही नाही, अशी स्थिती असली तरी सरासरीच्या तक्त्यात ती दिसणार नाही. निर्णायक पुरावा मात्र नेमका तेथेच, दोन गल्ल्यांमधील त्या भेदातच, दडलेला असू शकतो.

दुसरी गोष्ट अशी, की यंत्रणा सुचणे आणि यंत्रणा सिद्ध होणे यांत महदंतर आहे. कल्पक माणसाला कोणत्याही संबंधासाठी पटण्याजोगी यंत्रणा सुचू शकते. सुचलेली यंत्रणा आकड्यांशी जुळते एवढ्याने काम भागत नाही. तेच आकडे दुसऱ्या एखाद्या यंत्रणेशीही जुळतात काय, हे पाहावे लागते. फार यांच्या बाबतीत ते जुळत होते. टेम्सकाठच्या सखल वस्त्यांना, विशेषतः नदीच्या दक्षिणेकडील वस्त्यांना, पाणी मिळत होते ते शहरातून वाहणाऱ्या, शहराचा मैला पोटात घेणाऱ्या टेम्सचे. उंचावरील अनेक वस्त्यांचे पाणी त्यामानाने स्वच्छ जागांहून येई. म्हणजे उंची उतरत गेली की हवेबरोबर पाणीही बदलत होते. तक्ता एक होता, पण त्याचे वाचन दोन रीतींनी शक्य होते.

उपाधीचा विचार

हा पेच भारतीय तर्कशास्त्राला अपरिचित नाही. नैयायिकांनी त्याला उपाधी असे नाव दिले आहे. जेथे अग्नी तेथे धूर, असे अनुमान कोणी केले तर नैयायिक म्हणतो, की येथे ओल्या इंधनाचा संयोग ही उपाधी आहे. धूर जेथे जेथे आहे तेथे ओले इंधन असतेच. परंतु अग्नी जेथे जेथे आहे तेथे ते असतेच असे नाही. याचे प्रमाण म्हणून तो तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करतो. त्यात अग्नी आहे, धूर नाही. स्वयंपाकघरात, शेतात, रानात अग्नी व धूर हजार वेळा बरोबर दिसले असले तरी त्या हजार दर्शनांनी जे ठरत नाही, ते या एका गोळ्याने ठरते. कारण अग्नी आणि ओले इंधन यांची फारकत त्या गोळ्यात झालेली असते.

फार यांचा नियम या साच्यात घालून पाहावा. सखल वस्ती हा हेतू, पटकीचे आधिक्य हे साध्य, आणि दूषित पाणी ही संशयित उपाधी. ती खरोखरच उपाधी असेल, तर दोन गोष्टी आढळल्या पाहिजेत. सखल असूनही जेथे पाणी स्वच्छ आहे तेथे पटकी कमी असली पाहिजे; आणि उंचावर असूनही जेथे दूषित पाणी पोहोचले आहे तेथे पटकी झाली पाहिजे. विभागांच्या तक्त्यात आणखी कितीही आकडे भरले तरी हा प्रश्न सुटणारा नव्हता. त्यासाठी लंडनमधील तो तापलेला लोखंडाचा गोळा शोधून काढणे आवश्यक होते. स्नो यांच्या पुस्तकाचे खरे मोल या शोधात आहे.

स्नो यांची तुलना

दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या पाणी पुरवीत होत्या : लॅम्बेथ ही एक, आणि साउथवर्क अँड वॉक्सहॉल ही दुसरी. १८४९ मध्ये दोघीही शहरातील टेम्सचे दूषित पाणी उचलीत. १८५२ साली लॅम्बेथ कंपनीने आपला उपसा नदीच्या वरच्या अंगाला, भरतीचे पाणी व शहराचा मैला जेथे पोहोचत नाही अशा टेम्स डिटन येथे हलविला. दुसरी कंपनी मात्र बॅटर्सी येथूनच पाणी घेत राहिली. पूर्वीच्या स्पर्धेमुळे अनेक पोटविभागांत दोघींचे नळ एकाच रस्त्यातून गेलेले होते. एका घराला एकीचे पाणी, तर शेजारच्या घराला दुसरीचे. श्रीमंत व गरीब, मोठी घरे व लहान घरे असा भेद दोघींच्या ग्राहकांत नव्हता. उंची तीच, हवा तीच, चिखल तोच आणि दुर्गंधीही तीच. फरक होता तो केवळ पाण्याचा. तीन लाखांहून अधिक माणसे स्वतःच्या निवडीवाचून, आणि बहुतेक तर नकळत, दोन गटांत वाटली गेली होती, ही गोष्ट स्नो यांनी स्वतः नमूद केली आहे.

१८५४ मध्ये पटकी पुन्हा आली. मृत्यू झालेल्या प्रत्येक घरी जाऊन तेथे कोणत्या कंपनीचे पाणी येते, हे विचारण्याचे काम स्नो यांनी हाती घेतले. कित्येक भाडेकरूंना ते ठाऊक नसे. तेव्हा पाण्यातील मिठाचे प्रमाण रासायनिक परीक्षेने पाहून ते कंपनी ओळखीत. कारण बॅटर्सीच्या पाण्यात मीठ टेम्स डिटनच्या पाण्याच्या सुमारे चाळीसपट होते. पहिल्या चार आठवड्यांतील ३३४ मृत्यूंपैकी २८६ साउथवर्क अँड वॉक्सहॉलच्या घरांत आणि केवळ १४ लॅम्बेथच्या घरांत झालेले आढळले. सात आठवड्यांअखेर साउथवर्क अँड वॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले होते, तर लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे हे प्रमाण अनुक्रमे ३१५ व ३७ पडते. लॅम्बेथचे पाणी पिणारी नदीकाठची घरे म्हणजेच फार यांच्या नियमातील लोखंडाचा गोळा होत. तेथे सखलपणा होता. पण पटकी तेथे तुलनेने फारच थोडी होती.

दुसऱ्या कसोटीचे उदाहरणही याच पुस्तकात आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीचा भयंकर उद्रेक झाला. त्याच वेळी दूर हॅम्पस्टेडच्या बाजूला राहणारी एक विधवा पटकीने मरण पावली. हॅम्पस्टेड हे लंडनच्या अतिउंच भागांपैकी एक. फार यांच्या तक्त्यात तेथील मृत्युप्रमाण अत्यल्प होते. चौकशीअंती कळले, की ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी या बाईंना विशेष आवडे, म्हणून ते बाटलीत भरून रोज गाडीने त्यांच्याकडे पाठविले जाई. त्यांची इझ्लिंग्टनला राहणारी भाची भेटीस आली होती. तिनेही ते पाणी घेतले, ती घरी परतली आणि मरण पावली. दोघींच्याही वस्तीत त्या वेळी पटकी नव्हती. उलट, पंपाजवळच्या अनाथगृहात ५३५ माणसे राहत असता केवळ पाच जण दगावले, कारण तेथे स्वतंत्र विहीर होती. आणि त्याच रस्त्यावरील मद्याच्या कारखान्यातील सत्तराहून अधिक कामगारांपैकी कोणीही दगावला नाही, कारण ते पंपाचे पाणी पीतच नसत. अन्वय व व्यतिरेक या दोन्ही बाजूंनी पाण्याची बाजू येथे उचलून धरली गेली.

तुलनेच्या मर्यादा

स्नो यांच्या पुस्तकाची थोरवी मान्य करूनही त्यातील उणिवा झाकण्याचे कारण नाही. घरोघर मिसळलेल्या पुरवठ्याचा युक्तिवाद अभेद्य आहे. परंतु ३१५ व ३७ हे आकडे केवळ मिश्र पोटविभागांचे नाहीत. कंपन्यांच्या एकंदर घरांची संख्या त्यांत छेदस्थानी घेतली आहे. आणि साउथवर्क अँड वॉक्सहॉलकडे असे अनेक पोटविभाग होते की जेथे दुसऱ्या कंपनीचा शिरकावच नव्हता. प्रत्येक पोटविभागात कोणत्या कंपनीची किती घरे आहेत, हा आकडा पुस्तक लिहिताना स्नो यांच्या हाती नव्हता. तात्पर्य, युक्तिवाद एका तुलनेचा आणि तक्ता दुसऱ्या तुलनेचा, अशी किंचित विसंगती येथे राहून गेली आहे. फरक आठपटींहून अधिक असल्यामुळे निष्कर्षाला तिने बाध येत नाही. पण समीक्षकाने ती नोंदविली पाहिजे.

ही उणीव बव्हंशी भरून काढली ती जॉन सायमन यांच्या १८५६ च्या अहवालाने. त्यांनी घरांऐवजी लोकसंख्या छेदस्थानी घेतली आणि दोन्ही साथींची तुलना केली. १८४८-४९ मध्ये, दोघीही दूषित पाणी देत असताना, दर दहा हजारांमागे मृत्यू लॅम्बेथच्या ग्राहकांत १२५ व दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांत ११८ होते. १८५३-५४ मध्ये ते अनुक्रमे ३७ व १३० झाले. या चार आकड्यांचे मोल फार यांच्या संपूर्ण तक्त्याहून अधिक आहे. लॅम्बेथचे ग्राहक मुळातच अधिक निरोगी असतील, ही शंका १२५ या आकड्याने निरस्त होते; आणि दुसरी साथ एकंदरीत सौम्य असेल, ही शंका १३० या आकड्याने. उरते ते एकच बदललेले कारण.

पंपाची आख्यायिका

येथे लोकप्रिय कथेचाही समाचार घेणे प्राप्त आहे. ८ सप्टेंबर १८५४ रोजी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढला गेला आणि साथ थांबली, म्हणून पाणी हेच कारण, असे सर्रास सांगितले जाते. हा युक्तिवाद म्हणजे निव्वळ काकतालीय न्याय होय. उद्रेकाचा कळस सप्टेंबरच्या पहिल्या एकदोन दिवसांतच झाला होता. लोक घरे सोडून पळाले होते. आणि दांडा निघण्यापूर्वीच मृत्यू झपाट्याने उतरू लागले होते. हे स्नो यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, आणि दांडा काढल्याचा परिणाम किती हे ठरविता येत नाही, अशी स्पष्ट कबुली दिली आहे. कारण व योगायोग यांतील भेद शिकविण्यासाठी जी गोष्ट सांगावयाची, तीच गोष्ट तो भेद विसरून सांगितली जावी, हा विपर्यास विलक्षण खरा.

फार यांना न्याय

आता फार यांच्याकडे वळावे. त्यांच्या चुकीची किंमत लहान नव्हती. दुर्गंधीचे निवारण म्हणजेच रोगाचे निवारण, या समजुतीने त्या काळात मैल्याचे खड्डे व गटारे धुऊन सारी घाण टेम्समध्ये लोटण्यात येत होती, आणि त्याच नदीचे पाणी नळांवाटे घरोघर पोहोचत होते. उंचीचा नियम हा या समजुतीला मिळालेला गणिती आधार होता. परंतु ज्या आकड्यांनी हा नियम मोडला ते आकडेही बव्हंशी फार यांच्याच कचेरीने पुरविलेले होते. १८५२ च्या अहवालातही पाण्याच्या पुरवठ्याची बाब त्यांनी मांडली होती. ती दुय्यम ठरविली, पण दडवली नाही. १८५४ मध्ये प्रत्येक मृत्यूच्या नोंदीसोबत पाण्याची कंपनी लिहून घेण्याची सूचना दक्षिण लंडनच्या निबंधकांना देणारे फारच होते. २००४ साली 'पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत त्यांच्याच १८४९ च्या आकड्यांना आधुनिक पद्धती लावल्या असता पाण्याचे महत्त्व स्पष्ट दिसून आले. उत्तर तक्त्यात होते. प्रश्न मात्र त्या रीतीने विचारला गेला नव्हता.

१८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये पटकी उसळली, तेव्हा फार यांनी मृत्यूंची मांडणी प्रथम पाण्याच्या कंपनीनुसार केली, आणि ईस्ट लंडन कंपनीच्या ओल्ड फोर्ड येथील तलावांकडे बोट दाखविले. स्नो १८५८ सालीच निवर्तले होते. आपल्या प्रतिपक्ष्याचे हे मतांतर पाहण्यास ते उरले नव्हते. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी पुढे १८८४ मध्ये कलकत्त्यात निर्विवादपणे दाखविला. म्हणजे जंतू सर्वमान्य होण्याच्या किती तरी आधी, केवळ योग्य तुलनेच्या बळावर, कारणाचा निर्णय झालेला होता.

शंकेचीही कसोटी

या इतिहासातून आणखी एक इशारा मिळतो. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे वाक्य जसे सावधगिरीचे आहे तसेच ते पळवाटेचेही होऊ शकते. धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० मध्ये डॉल व हिल यांच्या संशोधनाने पुढे आला, तेव्हा संख्याशास्त्राचे आचार्य रोनाल्ड फिशर यांनीच १९५७-५८ मध्ये अशी शंका काढली, की धूम्रपानाची ओढ व कर्करोगाची प्रवणता या दोहोंच्या मुळाशी एखादा आनुवंशिक गुण असेल. उपाधीची ही शंका तर्काला धरून होती. पण नैयायिक लोखंडाचा गोळा दाखवितो, नुसते ओल्या इंधनाचे नाव घेऊन थांबत नाही. १९५९ मध्ये कॉर्नफिल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की धूम्रपान करणाऱ्यांत रोगाचे प्रमाण नऊपट असेल आणि तो सर्व परिणाम एखाद्या गुप्त गुणाचा मानावयाचा असेल, तर तो गुण धूम्रपान करणाऱ्यांत इतरांच्या निदान नऊपट आढळला पाहिजे. असा गुण कोणीही दाखविला नाही. शंका घेणाऱ्यावरही पुराव्याचा भार असतो, हे या उदाहरणाने पक्के झाले.

सारांश, फार व स्नो यांच्यातील भेद हा गणित जाणणारा व न जाणणारा असा नाही, किंवा आकड्यांवर विसंबणारा व आकड्यांना न जुमानणारा असाही नाही. दोघेही आकड्यांचेच उपासक होते. फार यांनी आपल्या कारणाशी जुळणारे आकडे एकत्र मांडले; स्नो यांनी दोन प्रतिस्पर्धी कारणे जेथे एकमेकांपासून फुटतात ती जागा शोधली आणि तेथील घरांची दारे ठोठावली. सहसंबंध जितका रेखीव, तितका हा शोध अधिक निकडीचा. कारण रेखीव सहसंबंध पुढील चौकशीची इच्छाच मारून टाकतो. ज्या अभ्यासात अशी जागा दाखविलेली नाही, त्याचा सहसंबंध कितीही दृढ असो, तो अद्याप प्रश्नाच्याच रूपात आहे असे समजणे योग्य.